कोल्हापुरात छोटी सेडान घेताय? गाडी मागून पुढे तपासा

हॅचबॅक आणि तिच्यावर बेतलेली छोटी सेडान शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर पुढची निम्मी गाडी जवळजवळ एकच निघते. स्विफ्ट आणि डिझायर, ग्रँड आय-टेन निऑस आणि ऑरा, टियागो आणि टिगोर या जोड्या बघा. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, डॅशबोर्डही बराचसा तोच. सेडानला जे वरचे पैसे पडतात ते मागच्या निम्म्या गाडीचे, म्हणजे मागच्या सीटचे आणि डिकीचे. म्हणून ही गाडी मागून पुढे तपासायची, असं माझं ठाम मत आहे. शोरूममध्ये नेमकं उलटं होतं. आपल्याला थेट स्टिअरिंगवर बसवतात, टचस्क्रीन चालू करून देतात आणि घरची मंडळी बाहेर सोफ्यावर चहा घेत बसतात. ज्यांच्यासाठी सेडान घ्यायची, तीच माणसं गाडीत बसून बघत नाहीत.

पुढे जे लिहिलंय ते रोज गाडी वापरणाऱ्या, एकच गाडी परवडणाऱ्या कुटुंबासाठी आहे. शोरूममध्ये पाऊल टाकायच्या आधीपासून ते पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत, जसं करायचं त्या क्रमाने.

आधी चार मीटरचं गणित समजून घ्या

या गाड्यांची डिकी अशी आखूड, छाटल्यासारखी का दिसते? २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचा अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आणला गेला. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. त्या मापात बसवून २००८ मध्ये टाटांची इंडिगो सीएस आली, २०१२ मध्ये डिझायरही आखूड झाली आणि मग ही एक जातच तयार झाली. ती रेषा आजही पुसलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापातल्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो, माप ओलांडलं की ४० टक्के.

याचा आपल्याला उपयोग काय? आज बाजारात असलेल्या डिझायर, ऑरा, अमेझ आणि टिगोर या चौघींची लांबी चार मीटरला जेमतेम कमी आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही २४५० ते २४७० मिलिमीटरच्या घरात. जागा सगळ्यांना सारखीच मिळाली आहे, फक्त कुणी ती डिकीला दिली, कुणी गुडघ्यांना, कुणी डोक्याला. कंपनीच्या आकड्यांनुसार डिकी डिझायरची ३८२ लिटर, ऑराची ४०२, अमेझची ४१६ आणि टिगोरची ४१९. सगळंच भरपूर मिळेल अशी गाडी यात नाही. तुमच्या घराला काय कमी पडून चालणार नाही, ते तुम्हीच ठरवायचं.

त्यासाठी घरात बसून एक कागद भरा. रोज कोण, कुठून कुठे जातं? राजारामपुरीतून गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत एकटं माणूस जातं, की वाटेत मुलांना शाळेत सोडायचं असतं? आठवड्याला गावी जाणं आहे का आणि तो रस्ता कसा आहे? पुण्याला वर्षातून किती वेळा? घरी गुडघे दुखणारं, पाठीचं ऑपरेशन झालेलं कुणी आहे का? गाडी रात्री कुठे उभी राहणार? हा कागद प्रामाणिकपणे भरला की काही जणांचा सेडानचा विचार तिथेच थांबतो आणि थांबायलाच हवा. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगडकडच्या वाडीवस्तीवर दर आठवड्याला जायचं असेल तर जरा उंच गाडी बरी. दहा किलोमीटरच्या आत एकटंच फिरायचं असेल आणि सामान कधी नसेल तर हॅचबॅक पुरते आणि पैसेही वाचतात. घरात चार-पाच माणसं, सामान हमखास, बहुतेक रस्ता डांबरी, असं असेल तर सेडानसारखं सुख नाही.

पहिली पायरी: डिकी

घरातली सगळ्यात मोठी बॅग घेऊन शोरूमला जा. लाजू नका. लिटरमधला आकडा डिकीच्या पोटाचा असतो, तोंडाचा नसतो. या आखूड गाड्यांत मागची काच पुढे सरकत येते, त्यामुळे डिकीचं तोंड अरुंद होतं आणि आत जागा असूनही मोठी बॅग आडवी जात नाही. झाकण बंद करताना त्याचे वाकडे दांडे आत उतरतात, ते बॅगेवर टेकतात का, हे झाकण खरोखर लावून बघा.

मग काठाची उंची. गावाकडनं येताना तांदळाचं पोतं येतं, मार्केट यार्डातून गुळाचा तीस किलोचा रवा येतो. असं ओझं कमरेपर्यंत उचलून काठावरून आत खाली ठेवायचं म्हणजे पाठीची परीक्षा. काठ जितका खाली तितकं बरं. बहुतेक छोट्या सेडानमध्ये मागची सीट दुमडत नाही, त्यामुळे लांब वस्तू न्यायची सवय असेल तर हे आधीच विचारून घ्या. तळाचं पांघरूण उचलून स्टेपनी बघा. वरच्या मॉडेलला अलॉय व्हील आणि स्टेपनी मात्र लहान मापाची, असं पुष्कळदा असतं. अशा स्टेपनीवर फार वेगाने किंवा फार लांब जाता येत नाही.

सीएनजीचा विचार असेल तर डिकी पेट्रोल गाडीची बघून उपयोग नाही. सीएनजी मॉडेलच उघडायला सांगा. एकच मोठी टाकी सीटच्या मागे आडवी बसवली की डिकीची निम्मीअधिक जागा जाते. उरलेल्या जागेत मऊ पिशव्या राहतात, सुटकेस राहत नाही. टाटांनी टिगोरमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवल्या आहेत, त्यामुळे वर सपाट जागा उरते. ज्या घराला इंधनही वाचवायचंय आणि सामानही न्यायचंय त्यांनी ही मांडणी एकदा डोळ्यांनी बघावी. आणि सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी करून दाखला घ्यावा लागतो, हे लक्षात असू द्या.

दुसरी पायरी: मागची सीट, आणि तिथे बसणारी माणसं

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर न्या आणि त्यांना स्वतः दार उघडून बसू द्या, मदत करू नका.

सेडान खाली बसकी असते. स्कूटरवरून किंवा रिक्षातून उतरायची सवय असलेल्या माणसाला त्यात खाली वाकून बसावं लागतं. आईला घेऊन आम्ही एक गाडी बघायला गेलो होतो. नऊवारी, गुडघे दुखणारे. विक्रीचा मुलगा मोठ्या अगत्याने म्हणाला, "काकी, बसून बघा की." आई आधी पाठमोरी झाली, सीटवर टेकली, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतला. दोन मिनिटं निवांत बसली आणि त्या मुलाला म्हणाली, "बसायचं झालं रं बाळा, पण उठताना धरायचं कशाला?" दारावरच्या बाजूला टपाला पकडायची दांडी नव्हतीच. कंपनीच्या माहितीपत्रकात सतरा सोयींची यादी होती, ही एक गोष्ट कुठेच नव्हती. मागच्या दोन्ही दारांवर दांडी आहे का, हे तेव्हापासून मी पहिल्यांदा बघतो.

बसल्यावर तीन गोष्टी. डोक्याच्या वर किती जागा उरते? टप मागे उतरता असल्यामुळे उंच माणसाची टोपी छताला घासते आणि माणूस मान पुढे काढून बसतो. तास-दोन तासांच्या प्रवासात मान भरून येते. दुसरं, मांडीला आधार. पायाला जागा दिसावी म्हणून काही गाड्यांत सीटची बैठक आखूड ठेवतात. गुडघ्यासमोर जागा भरपूर दिसते, पण मांड्या अधांतरी राहतात. तिसरं, पुढची सीट ज्याच्या उंचीला रोज लागणार त्याच्या मापाने लावूनच मागे बसा. विक्रीची माणसं पुढची सीट आधीच पुढे सरकवून ठेवतात.

मग तिघं शेजारी बसा. कागदावर पाच माणसांची गाडी असली तरी मधल्या माणसाच्या पायाखाली उंचवटा असतो आणि पाठीमागे कडक भाग. मधल्याला तीन बिंदूंचा बेल्ट आणि डोक्याला टेकण आहे का, ते बघा. लहान मूल असेल तर आयसोफिक्सचे, म्हणजे मुलांची सीट अडकवायचे हुक बोटाने चाचपा. मुलांची सीट नेऊन लावून बघता आली तर उत्तम. मागच्या माणसांसाठी एसीचे झरोके हवेतच. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बंद काचांत मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुढच्या झरोक्यांचा वारा पोहोचत नाही.

आणखी एक, पेठेत राहणाऱ्यांसाठी. मंगळवार पेठेतल्या किंवा शुक्रवार पेठेतल्या बोळात दार पूर्ण उघडायला जागा नसते. शोरूममध्ये दार अर्धंच उघडा आणि त्यातून आत-बाहेर करून बघा.

तिसरी पायरी: भरलेली गाडी गतिरोधकावरून

ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीच्या तळापासून जमिनीपर्यंतच्या अंतराचा आकडा सगळे विचारतात. डिझायरचा १६३ मिलिमीटर, अमेझचा १७२. पण हा आकडा गाडी भरल्यावर तसा राहत नाही. पाच माणसं आणि डिकीत सामान बसलं की मागची बाजू खाली बसते आणि आपल्याकडचे गतिरोधक कुठल्या मापाने केलेले असतात ते तुम्ही रोजच बघता. म्हणून टेस्ट ड्राइव्हला पाच माणसं बसवूनच निघा. घराजवळचा सगळ्यात उंच गतिरोधक निवडा, पहिल्या गिअरमध्ये सरळ घ्या आणि खिडक्या उघड्या ठेवून कान द्या. सरळ घेताना घासलं आणि तिरकं घेताना नाही, तर निभावता येतं. तिरकं घेऊनही घासत असेल तर ती गाडी तुमच्या रस्त्याची नाही. सीएनजी टाकीचं वजन मागेच पडतं, तेव्हा सीएनजी घेणाऱ्यांनी ही चाचणी सीएनजी गाडीवरच करावी.

खड्ड्यांतून जाताना पुढच्यापेक्षा मागे बसलेल्यांचं मत महत्त्वाचं. एकदा स्वतः मागे बसा आणि दुसऱ्याला चालवू द्या. ड्रायव्हरच्या दारावर हवेचे आकडे चिकटवलेले असतात, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे. शोरूमच्या गाडीत हवा बरोबर आहे का, विचारा. कमी हवेत गाडी उगाच मऊ वाटते.

चौथी पायरी: शहर

आता कुठे स्टिअरिंगवर या. शोरूमवाले हायवेलगतच्या सपाट, रुंद रस्त्यावर दोन-तीन किलोमीटरची फेरी देतात. ती घ्या, पण तेवढ्यावर ठरवू नका. गर्दीच्या वेळी दसरा चौक, बिंदू चौक, मिरजकर तिकटी अशी एक फेरी मारायची परवानगी मागा. क्लच किती जड आहे, हाफ क्लचवर गाडी किती सहज सरकते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसका बसतो का, हे अशाच रस्त्यावर कळतं. पुढच्या काचेच्या बाजूचा खांब जाड असेल तर वळणावर त्याच्या आड अख्खी मोटरसायकल लपते. मान हलवून बघा. बॅक घेताना सेडानचा शेवट मागच्या काचेतून दिसत नाही. रिव्हर्स सेन्सर १ जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचाच आहे, पण कॅमेरा नसेल तर बाहेरून लावून घेण्यावर खर्च करा. मला तो टचस्क्रीनपेक्षा गरजेचा वाटतो.

ऑटोमॅटिकचा प्रश्न इथेच सुटतो. डिझायर, ऑरा आणि टिगोर यांना एएमटी आहे, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच-गिअरचं काम यंत्र करतं. स्वस्त पडतो, अ‍ॅव्हरेज चांगला देतो, पण गिअर बदलताना मान किंचित पुढे जाते. अमेझला सीव्हीटी आहे, तिच्यात गिअरच्या पायऱ्या नाहीत, त्यामुळे गर्दीत फार गुळगुळीत चालते, किंमत मात्र जास्त. रोज ताराराणी चौकातून जाणाऱ्याला यातलं काहीही मॅन्युअलपेक्षा बरं वाटेल. मागे बसून ज्यांना मळमळतं त्यांना एएमटीत बसवून बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

पाचवी पायरी: पन्हाळ्याचा चढ

आपल्याला निसर्गाने घराजवळ घाट दिलाय, त्याचा फायदा घ्या. शिवाजी पुलावरून निघून केर्लीला जोतिबाचा चढ किंवा पुढे वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ. पाच माणसं, एसी चालू, हीच परीक्षा. या वर्गातल्या सगळ्या गाड्यांत १.२ लिटरचं साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आहे. डिझायर ८२, ऑरा ८३, टिगोर ८६ आणि अमेझ ९० पीएस (इंजिनाच्या ताकदीचं माप). आकड्यांत फरक थोडा, चढावर मात्र गिअरच्या मांडणीमुळे तो जाणवतो. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेऊन तिसरा टाकल्यावर गाडी ओढते की परत दुसरा मागते? परत परत दुसरा मागत असेल तर आंबा घाट, फोंडा घाट तुम्हाला दमवतील. सीएनजीवर ताकद आणखी कमी होते, तिथे हा चढ दोन्ही इंधनांवर करून बघा.

डिझायर आणि टिगोरचं इंजिन तीन सिलिंडरचं, ऑरा आणि अमेझचं चार सिलिंडरचं. गाडी सिग्नलला उभी असताना तीन सिलिंडरची थरथर सीटला आणि गिअरच्या दांडीला जाणवू शकते. काहींना ती खटकते, काहींना कळतही नाही. एसी चालू ठेवून दोन मिनिटं नुसतं उभं राहा.

चढावर मुद्दाम थांबा, हँडब्रेक न ओढता पुन्हा निघा. गाडी क्षणभर धरून ठेवणारी हिल होल्ड सोय असेल तर गाडी मागे येत नाही. एएमटीत ही सोय नसेल तर मी गाडी घेणार नाही. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा आणि इंजिन गाडीला किती धरतं ते बघा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि पकड सुटत जाते. एएमटी-सीव्हीटीतही उताराला गिअर खाली अडकवायची सोय असते, ती कशी वापरायची ते शोरूमच्या माणसाकडून तिथेच शिकून घ्या.

एवढी लांब फेरी शोरूम देत नसेल तर? तेच मॉडेल एका दिवसासाठी सेल्फ-ड्राइव्ह भाड्याने घ्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात त्या गाड्या. आठ-नऊ लाखांच्या खरेदीपुढे हे भाडं काहीच नाही. आणि स्टेशनजवळच्या टॅक्सीवाल्यांशी बोला. या जातीच्या गाड्या टॅक्सीत पुष्कळ चालतात. "दादा, लाखभर किलोमीटर झाल्यावर काय काय बदलावं लागलं?" एवढंच विचारा. क्लच कधी गेला, सस्पेन्शन कधी वाजायला लागलं, पार्ट कोल्हापुरात मिळतो की मागवावा लागतो, सगळं कळतं. टॅक्सीतलं मॉडेल कधी कधी एक पिढी जुनं असतं, तेवढं ध्यानात ठेवून ऐका.

सहावी पायरी: हायवे, आणि उसाच्या दिवसांतली रात्र

किणी टोल नाक्याच्या दिशेने एक फेरी मारा. ऐंशीला गाडी इशारा देते, एकशेवीसला सतत वाजते, हे नियमानेच आहे, बिघाड नाही. ऐंशी-नव्वदला मागच्या सीटवरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं का? ट्रकच्या बाजूने जाताना गाडी हेलकावते का? रस्ता मागे मोकळा असताना एकदा जोरात ब्रेक दाबून गाडी सरळ थांबते का, ते बघा.

रात्रीची चाचणी कुणी करत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात ती सगळ्यात गरजेची. दिवाळीच्या आसपास गळीत सुरू झालं की मार्चपर्यंत कागल, शिरोळ, करवीरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर तो मातीने माखलेला. समोरून येणाऱ्याचा प्रकाश डोळ्यावर असताना अशी ट्रॉली वीस पावलांवर आल्यावरच दिसते. म्हणून हेडलाइटचा डिपर किती लांब आणि किती रुंद पडतो, हे अंधार पडल्यावर शहराबाहेरच्या रस्त्यावर जाऊन बघा. खालच्या मॉडेलला साधे दिवे आणि वरच्याला एलईडी असं असेल, तर सनरूफपेक्षा या फरकासाठी पैसे मोजावेत.

सुरक्षितता

एबीएस आणि पुढच्या दोन एअरबॅग आता कायद्यानेच असतात. त्यापुढे सहा एअरबॅग, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि सगळ्या सीटना तीन बिंदूंचे बेल्ट. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या डिझायरला ग्लोबल एनसीएपीच्या टक्कर चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. देशाची स्वतःची भारत एनसीएपी चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. तारे बघताना चाचणी कुठल्या वर्षीची आणि कुठल्या पिढीच्या गाडीची, ते वाचा. नाव तेच राहतं, गाडी बदललेली असते. आणि मागे बसणाऱ्यांनी बेल्ट लावायचा. कायदाही तेच सांगतो.

इंधनाचा खरा हिशेब

डिझायरचा मॅन्युअलचा अधिकृत अ‍ॅव्हरेज २४.७९, अमेझचा १८.६५. हे प्रयोगशाळेतले आकडे, शहरात ते मिळत नाहीत. टँक काठोकाठ भरा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा, हाच खरा आकडा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून आलेलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडा उतरतो.

सीएनजीसाठी मॉडेलच्या किमतीतला फरक काढा आणि महिन्याच्या बचतीने भागा. समजा फरक ९० हजारांचा आणि बचत महिन्याला अडीच हजारांची, तर पैसे वसूल व्हायला तीन वर्षं. महिन्याला हजार किलोमीटरच्या खाली चालवणाऱ्याला हे गणित क्वचितच जमतं, शिवाय डिकी जाते आणि पंपावर रांगेत उभं राहावं लागतं. रोज कागल-इचलकरंजी करणाऱ्याला मात्र ते नक्की जमतं.

किंमत: ऑन-रोडचा कागद ओळीओळीने

एक्स-शोरूम किंमत ऐकून खूश होऊ नका. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे. म्हणजे आठ लाखांच्या गाडीवर ८८ हजार. सीएनजीला तो कमी असतो. त्यावर विमा, नंबर प्लेट, फास्टॅग, पासिंगचा खर्च. प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगा, तिचं बंधन तुमच्यावर नाही. सीट कव्हर, मॅटिंग, टेफ्लॉन कोटिंगचं पॅकेजही नको असेल तर नको म्हणा.

विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असं नाही. बाहेरून दर काढा आणि तो दाखवून घासाघीस करा. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा सक्तीचा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेता येतो. त्यावर झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे क्लेममधून पार्टचा घसारा न कापणारी सोय घ्याच. आणि कोल्हापुरात राहून इंजिन प्रोटेक्शनचं, म्हणजे इंजिनाच्या नुकसानीचं जादा संरक्षण टाळू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ मध्ये ती किती वर गेली आणि शिरोलीजवळ हायवेसुद्धा बंद पडला, हे सगळ्यांनी बघितलंय. पुराचं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत धरतात, पण पाणी शिरलेल्या इंजिनाचं काम पुष्कळदा त्यातून वगळतात. गाडी पाण्यात उभी राहिली तर सेल्फ मारायचा नाही, बॅटरीची तार काढायची आणि गाडी ओढून न्यायची. इंजिनात पाणी असताना चालू केलं की कनेक्टिंग रॉड वाकतात आणि इंजिनच उघडावं लागतं.

कर्जात हप्त्याच्या आकड्याला भुलू नका. सहा लाख, ९ टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता साधारण १२,४५० रुपये. तेच सात वर्षं केलं तर साधारण ९,६५०. ऐकायला हलकं वाटतं, पण एकूण व्याज तब्बल साठ हजारांहून जास्त वाढतं.

जुनी सेडान बघत असाल तर

आपल्याकडे जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न: ही पुरात उभी होती का? व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, शाहूपुरीचा खोलगट भाग, सांगली-शिरोळकडच्या गाड्या, कुठलीही असू शकते. पॉलिश करून सीट कव्हर बदलली की वरून काही कळत नाही. म्हणून सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला मातकट रेघ दिसते का बघा. सीटखालचे रूळ आणि बोल्ट गंजलेत का, मोबाइलच्या उजेडात बघा. डिकीचं पांघरूण उचलून स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवा, तिथे गाळ राहून जातो. दारं बंद करून पाच मिनिटं आत बसा, कुबट वास येतो का. उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रीला लिफ्टवर घेऊन खालून बघायला सांगा, त्याची फी खुशीने द्या.

आरसी परिवहनच्या संकेतस्थळावर ताडून बघा, बँकेचा बोजा उतरलाय का, विम्याचे जुने क्लेम किती, हे विचारा. २०२३ च्या आधीच्या गाडीसाठी इथेनॉलचं प्रमाण किती चालतं, ते टाकीच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत बघा.

डिलिव्हरी

पाडवा किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि हार घातलेल्या गाडीचं बोनेट कुणी उघडू देत नाही. म्हणून पासिंगच्या आधी, मुहूर्ताच्या तीन-चार दिवस अगोदर, दिवसाउजेडी यार्डात जाऊन तपासणी करा. एकदा तुमच्या नावावर नोंद झाली की गाडी बदलून मिळत नाही. चासी नंबर लिहून घ्या आणि त्यावरून गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचारा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायरचे आकडे जवळजवळचे हवेत. किलोमीटर पन्नासच्या पुढे असतील तर कारण विचारा. रंग उन्हात तिरकं बघून तपासा, दारांच्या फटी सारख्या आहेत का बघा, एसी, सगळ्या काचा, दोन्ही चाव्या, जॅक, पाना.

पहिल्या हजार किलोमीटरमध्ये इंजिन फार ताणू नका आणि एकाच वेगाने लांब चालवू नका. जे काही वाजतं, ओढतं, खटकतं ते त्याच वेळी मोबाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवा. पहिल्या सर्व्हिसिंगला ही यादी तोंडी न सांगता जॉब कार्डावर लिहून घ्यायला लावा, मागच्या सीटवरून आलेल्या तक्रारींसकट. गाडी परत घेताना त्याच सल्लागाराला शेजारी बसवून एक फेरी मारा, आणि सुटलेली गोष्ट पुन्हा कार्डावर चढवून त्याची प्रत घ्या. वॉरंटीत काम करून घ्यायचं तर पुढे हाच कागद उपयोगी पडतो.